सीबच्या घरातली वरची खोली

शुक्रवारची सकाळ होती. मस्कतमध्ये, वादी कबीरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत पाटावर बसून मी सुरमई साफ करत होतो आणि फोन वाजला. हात माशाचे, म्हणून मुलीला सांगितलं, तूच उचल आणि माझ्या कानाला लाव. नंबर रत्नागिरीकडचा. "काका, मी शाहीन. दाऊदभाईंची. अब्बा गेले..." आदल्या दिवशी दुपारी असरची नमाज पढून आडवे झाले ते उठलेच नाहीत. रात्रीच दफनविधीही उरकला होता. मी काय बोललो ते आठवत नाही, असल्या वेळी माणूस बोलतो तेच बोललो असेन. ती शांत होती. शाळेत शिकवते, आवाज ताब्यात ठेवायची सवय आहे. फोन ठेवता ठेवता मात्र म्हणाली, "शेवटचे काही महिने सारखं त्या सीबच्या घराचंच बोलायचे. त्यांच्या हातून छप्पर पडलं ना ते. फार लावून घेतलं होतं त्यांनी." आणि मी "हो" म्हणालो. फक्त "हो". तो "हो" खोटा होता. छप्पर दाऊदभाईंच्या हातून पडलं नव्हतं, माझ्यामुळे पडलं होतं आणि ते या जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक आदल्या दिवशी मातीआड झाला होता.

फोन धरून उभ्या असलेल्या माझ्या मुलीने विचारलं, "हू वॉज ही, बाबा?" ती बारावीत आहे, तिचं मराठी अडखळत चालतं. मी म्हटलं, आमच्याकडचे एक गवंडी होते. "ओके," म्हणून ती आत गेली. ज्या माणसामुळे ती या देशात, याच वादी कबीरच्या शाळेत शिकली, त्याचं नावसुद्धा तिने घरात ऐकलेलं नव्हतं. याला पाच आठवडे झाले. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना त्याचे गुण सांगायचे असतात, ते मी सांगणारच आहे, पण त्याआधी हे कबूल केलेलं बरं.

दाऊदभाई राजापूरच्या खाडीकाठचे, मी देवरुखकडचा. गावाकडे असतो तर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. मस्कतमध्ये पडली, कारण इथे रत्नागिरी जिल्हा म्हटलं की धर्म, जात, तालुका सगळं मागे पडून माणूस एकदम शेजारच्या वाडीतला होतो. मी एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढणारा. आमची ओळख झाली तेव्हा दाऊदभाई पन्नाशी उलटलेले होते. बुटकी बांधेसूद अंगलट, पंजा इतका रुंद की चहाचा ग्लास त्यात हरवून जायचा, आणि ओळ बघायची तर डावा डोळा मिटून घ्यायची सवय. उभं आयुष्य त्यांनी या देशात बांधकामावर काढलेलं. मदिनत सुलतान काबूस या श्रीमंत वस्तीतल्या कित्येक बंगल्यांच्या कुंपणभिंती त्यांनी उभ्या केल्या होत्या. पुढे डोंगराकडच्या एका गावात जुन्या गढीच्या डागडुजीवर गेले आणि तिथल्या एका म्हाताऱ्या ओमानी कारागिराकडून मातीचं काम शिकले. भाजलेल्या मातीचा सारूज, म्हणजे इथला गिलावा, कसा करायचा, तो भिंतीला कधी चढवायचा, किती दिवस ओला ठेवायचा हे शिकायला त्यांनी दोन हिवाळे घातले. सिमेंटचं काम मग त्यांना गोड लागेना. "सिमेंट म्हंजे जबरदस्ती रे," म्हणायचे, "मातीला विचारून करावं लागतं."

मस्कतजवळच्या सीब गावात, जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या मागे, समुद्राकडे जाणाऱ्या बोळात, ते घर आहे. दुमजली, कच्च्या विटांचं, खालचे तीन-चार थर समुद्राच्या दगडाचे. मालकाचं नाव सालिम. त्यांच्या आईकडच्या खापरपणजोबांनी ते बांधलं. खजुराचा व्यापार, स्वतःची गलबतं. पुढे सगळं कुटुंब नव्या बंगल्यात राहायला गेलं आणि घर बरीच वर्षं गोदामासारखं पडून राहिलं. सालिमना ते दुरुस्त करून लोकांना बघायला उघडायचं होतं. नकाशे काढायचं काम आमच्या कन्सल्टन्सीकडे आलं, त्यातून माझ्याकडे, आणि मातीचं काम जाणणारा माणूस हवा म्हणून दाऊदभाईंना आणलं. पहिल्या दिवशी मी टेप, कॅमेरा, कागद-पेन्सिली घेऊन पोचलो तर हे गृहस्थ दारातच भिंतीवर तळवा ठेवून उभे. मला वाटलं चक्कर आली. "काय झालं?" विचारलं तर म्हणाले, "काय नाय. वळख करून घेतोय."

मी त्या घराची मापं घेतली, पण घर वाचायला मला त्यांनी शिकवलं. गिलावा पडला होता तिथे विटा उघड्या होत्या. खालच्या मजल्याच्या विटा लांबट, वरच्या आखूड आणि जाड. म्हणजे वरचा मजला नंतर चढवलेला, आणि साचा दुसऱ्याचा. खालच्या विटांवर तीन बोटांनी ओढलेल्या रेघा होत्या, वरच्यांवर नव्हत्या. विटा पाडणाऱ्याची ती खूण असावी असं ते म्हणाले. मातीत त्यांना खजुराच्या बिया सापडल्या, शिंपल्यांचा चुरा सापडला. खालची एक खोली मला काही केल्या कळेना, जमिनीत हातभर अंतरावर पन्हळी आणि सगळ्यांचा उतार एका कोपऱ्यात पुरलेल्या रांजणाकडे. ते खजुराचं कोठार. पोती एकावर एक रचायची, वजनाने जो पाक गळतो तो पन्हळीतून रांजणात जमा व्हायचा. पन्नास-साठ वर्षं तिथे पोतं पडलं नसेल, पण दाऊदभाईंनी जमिनीला नाक लावून मला बोलावलं. मलाही वास आला, किंवा त्यांनी सांगितलं म्हणून आला. दरवाज्यावरचं जाड लाकूड बघून तर त्यांचा चेहरा फुलला. "साग हाय, सुधीर! आपल्याकडचा." इथे कसला साग, असं मी म्हणालो. त्यांनी नखाने टोकरून मला हुंगायला लावलं. घराची सगळी लाकडं बाहेरून समुद्रावरून आलेली. दारं-खिडक्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून, छपराचे सरळसोट चंदलचे, म्हणजे खाडीतल्या कांदळाचे, वासे आफ्रिकेतून. वासा येतो तेवढाच लांब, त्यामुळे खोलीची रुंदीही तेवढीच, म्हणून या देशातल्या जुन्या खोल्या अशा लांबट, बोळकांड्यासारख्या असतात. हे मी कॉलेजात शिकलो नव्हतो. तीस वर्षं इथे राहून अनेकांना ते ठाऊक नसेल.

घरातली सगळ्यात सुरेख जागा म्हणजे वरची खोली. समुद्राकडे ओळीने चार खिडक्या, अगदी जमिनीपासून, म्हणजे बसलेल्या माणसाला वारा लागावा. दारासमोरच्या, शेवटच्या आडव्या भिंतीत सात कोनाडे आणि त्यांच्याभोवती चुन्यात कोरलेली वेलबुट्टी. सालिमची आई, उम्म सालिम, याच खोलीत जन्मली होती. ऐंशीच्या आसपासची बाई, काठी टेकत आठवड्यातून एकदा यायची. तिच्या वडिलांचं गलबत मुंबईला जायचं, त्यामुळे हिंदी बोलायची, आणि दाऊदभाईंशी तिचं चांगलं जमायचं. ती कोनाड्यांकडे बोट दाखवून सांगायची, "इधर मेरा माँ अत्तर रखता था. इधर कुराण. इधर मेरा गुड़िया." वेलबुट्टी तिच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने कोरलेली होती, दुखण्यातून उठल्यावर, सगळा एक हिवाळा बसून. दाऊदभाई ते कोनाडे साफ करायला कुणाला देत नसत. दाढीचा मऊ ब्रश घेऊन स्वतः बसायचे.

आता माझ्या चुकीकडे येतो. टाळावं असं अजूनही वाटतंय...

वरच्या खोलीचं माप घेतलं तो जूनचा महिना होता. दुपारी बाराच्या सुमाराला त्या खोलीत उभं राहणं म्हणजे शिक्षाच. कोनाड्यांच्या भिंतीशी सालिमच्या घरातलं जुनं सामान रचलेलं होतं, पेट्या, गाद्यांच्या वळकट्या, एक मोडका पाळणा. दाराकडची रुंदी आम्ही मोजली, साडेआठ फूट. दोन्ही लांब भिंती मोजल्या. कोनाड्यांकडची रुंदी मोजायची तर सामान हलवायला हवं होतं. टेपचं दुसरं टोक धरून दाऊदभाई म्हणाले, "तिकडचीबी घे. आणि कोन्यातून कोन्यात घे." मी म्हटलं, "बास झालं, भाई. इकडे साडेआठ तर तिकडे काय नऊ असणार आहे? खोली चौकोनीच आहे." ते म्हणाले, "जुन्या घरात चौकोनी कायपण नसतं रे." मी हसलो. घामाने कागद भिजत होता, मला एसी गाडीत जाऊन बसायचं होतं. ऑफिसात येऊन मी खोली काढली. कॉम्प्युटरला रेघ सरळ काढ म्हटलं की तो सरळच काढतो, त्याला भिंत बघावी लागत नाही. चार काटकोन, समोरासमोर सारख्या भिंती, छान दिसत होती. वास्तविक समुद्राकडची भिंत दारापासून लांब जाताना हळूहळू बाहेर सरकत गेलेली होती, बोळाच्या वळणाबरोबर. कोनाड्यांकडे खोली जवळजवळ फूटभर जास्त रुंद होती. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं, कारण मी मोजलं नव्हतं.

जुने वासे वाळवीने पोखरले होते. दाऊदभाईंनी सांगून ठेवलं होतं की काढल्यावर ते ओळीने ठेवा, एकेकाचं माप बघतो. पण ठेकेदाराच्या माणसांनी ते एका दुपारी ट्रकमध्ये भरून नेले. नवे वासे मग माझ्या ड्रॉइंगवरून मागवले गेले. सगळे एका मापाचे, खोलीची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना भिंतीत एक एक वीत. वादी कबीरच्या एका वर्कशॉपमध्ये कापून, मापाचे गठ्ठे होऊन ते सीबला आले. दाऊदभाईंनी दाराकडून बसवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "जरा येऊन जा. एकटाच ये."

मी गेलो. सामान तोवर हलवलेलं होतं. दाराकडचे वासे दोन्ही भिंतींत वीतभर बसलेले होते, मध्ये आल्यावर कमी कमी होत कोनाड्यांकडे, नुसत्या टेकवून ठेवलेल्या वाशांना, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं. कच्च्या विटेच्या भिंतीवर चार बोटं. त्यांनी नुसती बोटं आडवी ठेवून दाखवली. नुकताच मला फॅमिली व्हिसा मिळाला होता. सात वर्षं मी इथे तीन जणांबरोबर एका खोलीत काढली होती. माझी बायको मेघना आणि दोन्ही मुलं येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, शाळेचा गणवेश शिवायला टाकला होता. आणि आमच्या ऑफिसात त्याच सुमाराला दोन ड्राफ्ट्समनना कमी करणार अशी कुजबुज होती. मोजमाप न घेता खोली काढली हे आमच्या इंजिनिअरसाहेबांना कळलं असतं तर त्या दोघांत माझं नाव पक्कं होतं.

दाऊदभाईंनी उपायही सांगितला. भिंतीच्या माथ्यावर सागाची जाड पट्टी घालायची, तिच्यावर वाशांची टोकं टेकवायची, म्हणजे भार एका विटेवर न येता पसरेल. किंवा कोनाड्यांकडचे तेवढे बारा वासे नवे मागवायचे. दोन्हीला वेळ लागणार होता, पण वेळेचं मी निभावून नेलं असतं. खरी अडचण वेगळी होती. पट्टी घालायची तर ड्रॉइंगमध्ये दाखवायला लागणार, आणि दाखवली की का घातली ते सांगायला लागणार. मी त्यांना म्हटलं, "चार बोटं बसतायत ना? चालेल. हलकं तर छप्पर आहे." ते म्हणाले, "वर माती येणार हाय. ओली माती." मी म्हटलं, "भाई, पोरं आत्ता आलीत माझी." हे मी म्हणालो. हेच शब्द होते. ते डावा डोळा मिटून वाशांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. बघतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बारा वासे बसवले. एवढ्या वर्षांत त्यांनी न पटलेलं काम केलं असेल तर ते तेवढंच, आणि गाववाल्याच्या शब्दाखातर.

चटया अंथरून वर माती चढली. तिसऱ्या दिवशी दुपारी उम्म सालिम खोली बघायला आली होती. कोनाड्यांपाशी बसली, मग असरची वेळ झाली म्हणून वजू करायला, नमाजाआधी हातपाय धुवायला, खाली उतरली. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असताना वर आवाज झाला. मी अंगणात होतो. वर धावलो तर खोलीच्या पलीकडच्या अर्ध्या भागात धूळच धूळ, वासे एकमेकांवर पडलेले, आणि पडताना त्यांनी कोनाड्यांची भिंत पुढून सोलून काढलेली. सातातला एकही कोनाडा शाबूत नव्हता. म्हातारी काठी टेकत परत वर आली. कुणी तिला अडवलं नाही. सगळं बघून म्हणाली, "अल्हम्दुलिल्ला. किसी का जान नहीं गया." मग वाकून वेलबुट्टीचा एक तुकडा उचलला, ओढणीत बांधला, आणि सालिमला अरबीत काहीतरी सांगितलं. मला फक्त शेवटचा शब्द कळला, "खलास." ती खोली पुन्हा करायची नाही, कुलूप लावा, असं तिचं म्हणणं होतं, हे सालिमनी नंतर सांगितलं. त्यानंतर ती घरात आली नाही.

इंजिनिअरसाहेब संध्याकाळच्या आत पोचले. अंगणात सगळ्यांना उभं केलं. माझ्या काखेत ड्रॉइंगची गुंडाळी होती. त्यांनी विचारलं, हे कसं झालं? कुणी काही बोलायच्या आधी दाऊदभाई पुढे झाले. "मेरे हाथ से हुआ, साब. बिठाने में गलती हो गया." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ड्रॉइंग बरोबर आहे ना, असं विचारलं. मी मान हलवली. होकारार्थी. याहून सोपी गोष्ट मी आयुष्यात केली नसेल.

महिन्याभरात दाऊदभाईंचा व्हिसा रद्द होऊन ते गावी गेले. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. गाडीत मी दोनदा विषय काढायला तोंड उघडलं. त्यांनी ओळखलं असावं, कारण ते मेघनाची, मुलांची चौकशी करत राहिले. शाळा सुरू झाली का, बसने जातात की गाडीने, डब्यात काय नेतात. उतरताना एवढंच म्हणाले, "पोरांचं बघ. माझं काय, जायाचंच होतं." मी ते धरून बसलो. मला तेवढंच हवं होतं. त्यांनी माफ केलं, संपलं, असं मी स्वतःला समजावलं. ईदेला मी फोन करायचो, गणपतीत ते करायचे. अकरा वर्षं. घराचा विषय त्यांनी काढला नाही आणि मी तर काढणारच नव्हतो. एकदा सुट्टीत त्यांच्या घरी गेलो होतो. शाहीनने घावणे केले होते. मागच्या अंगणात नातवंडांसाठी नवी खोली चालली होती, गवंडी बाहेरचे होते, आणि दाऊदभाई खुर्ची टाकून नुसते बघत बसले होते. मी चेष्टेने म्हटलंही, "काय भाई, आता मुकादम झालात!" ते हसले. मला त्यात काही दिसलं नाही.

ते गेल्याचं कळल्यानंतर पाचव्या आठवड्यात, गेल्या शनिवारी, मी सीबला गेलो. घर आता लोकांना उघडं आहे, कोठाराची खोली बघायला शाळेच्या सहली येतात. वरच्या खोलीच्या दाराला कुलूप, आणि बाजूला अरबी आणि इंग्रजीत लहानशी पाटी, की दुरुस्तीच्या वेळी कारागिराच्या चुकीमुळे या खोलीचा काही भाग कोसळला. ही पाटी मी पूर्वीही पाहिली होती. दोनदा. त्या दोन्ही वेळा तिच्यासमोरून निघून गेलो होतो. राखणदार जुना, मला ओळखतो. त्याच्याकडून किल्ली घेतली, टेप बरोबर आणली होती. आत पलीकडच्या अर्ध्या भागावर पत्रे टाकलेत. कोनाड्यांच्या जागी उघड्या विटा. मी टेपचं एक टोक विटांच्या फटीत अडकवलं आणि अकरा वर्षांपूर्वी घ्यायचं होतं ते माप घेतलं. साडेनऊला दोन बोटं कमी. एकट्याला मोजायला दोन मिनिटं लागली.

तिथूनच मी शाहीनला फोन लावला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, जसं वर लिहिलंय तसंच, पोरांच्या वाक्यासकट. मग तिने विचारलं, "पण काका, वासे आखूड आहेत हे अब्बांना दिसत होतं ना? मग त्यांनी ते बसवले कसे?"

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

"इथे आल्यावर त्यांनी थापी हातात धरली नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही. मशिदीचा हॉल बांधायला जमातवाले दोनदा घरी आले. म्हणाले, तुमच्यासारखा माणूस गावात असताना बाहेरून कशाला आणायचा. अब्बा म्हणायचे, ज्याच्या हातून छप्पर पडलं त्याने दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर घालू नये. आम्हाला वाटायचं म्हातारपणाचा हेका आहे. आमच्या स्वतःच्या घराला त्यांनी हात लावला नाही, काका. खुर्चीवर बसून बघायचे."

मी म्हटलं, मी लिहून देतो, सालिमना कळवतो, ती पाटी काढायला लावतो. गावात येऊन सगळ्यांसमोर सांगतो. ती म्हणाली, "ते करा. करायलाच हवं." पुढे म्हणाली, "पण आम्हाला सांगून काय, काका... त्यांना सांगायचं होतं ना एकदा. की भाई, चूक माझी होती."

"त्यांना माहीत होतं, शाहीन."

"माहीत असलं तरी," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज सुटला. "कुणीतरी म्हणायला लागतं की नाही?"

अकरा वर्षांत बावीस-पंचवीस फोन झाले असतील आमचे, दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे. त्यातल्या एकातही मला हे एक वाक्य बोलता आलं नाही, आणि आता बोलायला माणूस राहिला नाही. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, मी आता त्या खोलीतच आहे का? हो म्हटल्यावर म्हणाली, व्हिडिओ लावा, बघू दे.

मी तिला खिडक्या दाखवल्या, समुद्र दाखवला, पत्रे दाखवले, उघड्या विटा दाखवल्या. ती नुसती "हं" म्हणत होती. मग मी फोन दाराकडे फिरवला. तिथलं छप्पर अजून आहे. वासे एका ओळीत, त्यांच्यावरची चटई जराशी काळवंडलेली, कुठे वाकलेलं नाही, कुठे ओल नाही, प्रत्येक वासा भिंतीत वीतभर गेलेला आणि जिथे शिरतो तिथे सारूजाचा हात अंगठ्याने दाबून गोल फिरवलेला. "हे कुणी घातलंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अब्बांनी."

माझा हात भरून आला, मी फोन खाली घेऊ लागलो.

"राहू दे, काका," ती म्हणाली. "अजून जरा वेळ तसाच धरा."